पाकळ्या काढूनही गुलाबाला फळ धरतं, आणि घशाची खाज गाळण्यानं जाते

तुमचे प्रश्न तीन आहेत. दारातल्या गुलाबाची फुलं पाकळ्यांसाठी खुडली की त्याला फळ धरत नाही, मग पाकळ्या की फळं यांतलं एकच निवडावं लागतं का? गेल्या आठवड्यात फळं उकळून सरबत केलं, ते प्यायल्यावर घरातल्या सगळ्यांचा घसा खवखवला, म्हणजे ही फळं खाण्याजोगी नाहीत का? आणि त्याच सरबताची एक बाटली फ्रीजमध्ये उरली आहे, ती टाकून द्यायची का?

बाटली तूर्त टाकू नका, तिच्याकडे शेवटी येते. फळं खाण्याजोगी आहेत, अगदी उत्तम आहेत. आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की एकाच फुलाकडून दोन्ही मिळतं. फक्त फूल खुडायचं नाही, पाकळ्या काढायच्या. हा फरक मला उशिरा कळला. त्याआधी कित्येक मोसम मी कात्रीनं फुलं देठासकट कापत होते आणि फळं का येत नाहीत म्हणून झाडाला खत घालत होते.

गुलाबाचं फळ कुठून येतं ते आधी बघा. फुलाच्या खाली, देठाच्या टोकाला एक हिरवी गाठ असते, छोट्या सुरईसारखी. ते फुलाचं पुष्पासन. फलन झालं की तीच गाठ फुगते, मांसल होते, नारिंगी आणि मग लाल होते. यालाच रोझ हिप म्हणतात. मी साधं गुलाबाचं बोंड म्हणते. आपण ज्यांना बिया म्हणतो ती आतली कडक दाणेदार चीज वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं खरी फळं, आणि बाहेरचा लाल गर म्हणजे त्यांची पिशवी. या सगळ्यात पाकळ्यांचं काम एकच: कीटकांना बोलावणं. कीटक येऊन गेला, पराग पोचला, की झाडाला पाकळ्यांची गरज उरत नाही; म्हणून तर त्या आपसूक गळतात. आपण त्या गळण्याच्या दिवसभर आधी काढून घेतल्या तर झाडाचं काहीच बिघडत नाही. बिघडतं ते आपण खालची गाठ कापून नेतो तेव्हा.

काढायची पद्धत अशी. उमलून एक दिवस झालेलं फूल निवडा. मधल्या पुंकेसरांकडे बघा: अगदी ताज्या फुलात ते पिवळेधमक असतात, पराग बाहेर पडून गेल्यावर तपकिरी होऊ लागतात. तपकिरी छटा दिसली की वेळ झाली. डाव्या हाताच्या दोन बोटांत फुलाखालची गाठ हलकेच धरा, उजव्या हाताच्या चिमटीत सगळ्या पाकळ्या एकत्र गोळा करा आणि किंचित पिळ देत वर ओढा. तयार फुलाच्या पाकळ्या जवळजवळ आवाज न करता सुटून हातात येतात. ओढताना जोर लावावा लागला तर ते फूल उद्यासाठी सोडा. मागे राहतो तो केसरांचा गोंडा, तो तसाच राहू द्या. मधमाश्या पाकळ्या नसलेल्या गोंड्यावरही येतात, मी रोज बघते.

सुगंधाच्या बाबतीत मात्र थोडी तडजोड आहे. सगळ्यात दाट वास पहिल्या सकाळी, फूल अर्धंमुर्धं उघडताना असतो. बल्गेरियातलं कझानलुक, तुर्कस्तानातलं इस्पार्ता अशा ठिकाणी अत्तरासाठी दमास्क गुलाब पिकवतात, तिथे पहाटेच फुलं खुडायला घेतात, कारण ऊन चढलं की तेल उडून जातं. एक किलो तेलाला साधारण तीन ते पाच टन फुलं लागतात, म्हणून तिथे एकेका तासाची किंमत असते. घरगुती कामाला इतकं काटेकोर असायची गरज नाही. दव सुकलं पण ऊन तापलं नाही, अशा वेळी दुसऱ्या दिवसाच्या फुलाच्या पाकळ्या घ्या. वास भरपूर मिळतो आणि फळही जात नाही. पहिल्या दिवशीच पाकळ्या हव्या असतील तर मऊ कुंचला आधी दुसऱ्या झाडाच्या फुलातून फिरवून आणा आणि या फुलाच्या मधोमध टेकवा. कीटकाचं काम तुम्ही केलंत.

सगळ्याच गुलाबांना फळ धरत नाही, हे मात्र आधी सांगायला हवं. पाच पाकळ्यांचे साधे रानगुलाब सगळ्यात भरवशाचे. भरगच्च पाकळ्यांच्या फुलात बरेचसे पुंकेसरच पाकळ्या बनलेले असतात आणि कीटकाला आत शिरायला वाटही नसते, त्यामुळे शंभर पाकळ्यांच्या जुन्या जातींना बोंडं क्वचितच येतात. अशा झाडाकडून पाकळ्या घ्या आणि समाधान माना. बोंडांसाठी जागा असेल तर रुगोसा जातीचा गुलाब लावा. त्याची बोंडं छोट्या टोमॅटोएवढी, चपटी आणि गरदार असतात, पाकळ्याही वासाच्या. कॅनिना, म्हणजे ज्याला डॉग रोझ म्हणतात, त्याची बोंडं लांबट आणि बारीक. निवडायला वेळ लागतो, पण चव मला तीच जास्त आवडते.

आता झाडाचा हिशेब. बोंड पिकवणं हे झाडाला जड काम आहे. बोंडं धरू लागली की पुन्हा पुन्हा फुलणारी जात नवीन कळ्या काढायची कमी होते. म्हणून अशा झाडावर पहिल्या बहरांची वाळलेली फुलं मी छाटत जाते, आणि मोसमातला शेवटचा बहर मात्र हात न लावता ठेवते. त्याच्या फक्त पाकळ्या काढते. वर्षातून एकदाच फुलणाऱ्या जातीला दुसरी संधी नसते, तिथे पहिल्या फुलापासूनच गाठी राखायच्या. फुलापासून पिकलेल्या बोंडापर्यंत साधारण तीन ते चार महिने जातात. या काळात छाटणीची कात्री आवरा. बहुतेकांची बोंडं याच छाटणीत जातात.

खायला घ्यायच्या गुलाबावर काय फवारलंय हे माहीत असल्याशिवाय एक पाकळीही तोंडात घालू नका. हे मी फार कळकळीनं सांगते. फुलवाल्याकडचा गुच्छ खाण्यासाठी पिकवलेला नसतो. त्यावर काय काय मारलं असेल याचा तुम्हाला पत्ता नसतो. काही कीटकनाशकं आंतरप्रवाही असतात, म्हणजे मुळा-पानांतून झाडाच्या रसात भिनतात. ती धुऊन जात नाहीत. म्हणून रोपवाटिकेतून नव्यानं आणलेल्या रोपाची पहिल्या पूर्ण मोसमातली फुलं आणि बोंडं मी खाण्यासाठी वापरत नाही. रहदारीच्या रस्त्याकडेची झुडपंही सोडून देते.

रानातून बोंडं गोळा करणार असाल तर ओळख पक्की हवी, कारण लाल फळांच्या कित्येक झुडपांत विषारी फळंही असतात. गुलाबाची खूण चार ठिकाणी बघा: काटेरी फांदी, एका देठावर पाच-सात पर्णिकांचं दातेरी पान, फळाच्या टोकाला निदलांचा, म्हणजे पाकळ्यांखालच्या हिरव्या पानांचा, वाळका मुकुट किंवा तो गळून गेल्याचा वण, आणि फळ कापलं की आत केसाळ दाण्यांचा गच्च गुच्छ. चारही जुळलं तरच पिशवीत. फूल असेल तेव्हा डॉग रोझची पाच निदलं मुद्दाम बघा, मला ती गंमत अजून आवडते: दोघांना दोन्ही कडांना झालर, दोघांना एकाही कडेला नाही, आणि पाचव्याला फक्त एकाच कडेला. कळीत ती एकमेकांवर जशी मिटतात त्यात झाकलेल्या कडेला झालर येत नाही, म्हणून हे.

बोंड कधी तोडायचं? रंग पूर्ण चढलेला हवा, देठाजवळ हिरवं-पिवळं राहिलेलं नको. अंगठ्यानं दाबलं तर किंचित दबेल पण फुटणार नाही, ही सरबताला आणि वाळवायला योग्य अवस्था. जिथे थंडीत दंव गोठतं तिथे एक-दोन वेळा गोठून गेल्यावर बोंडं मऊ पडतात आणि गोडी वाढल्यासारखी वाटते. जिथे तशी थंडी नसते तिथे बोंडं रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. गर सैल पडतो, काम भागतं. पूर्ण मऊ झालेलं बोंड झाडावरच खायचं असेल तर देठाकडचं टोक खुडा आणि मागून अगदी हलक्या हातानं दाबा. टोकातून लालसर, जाड, आंबटगोड गर पेस्टसारखा बाहेर येतो. जोरात दाबलं की दाणेही येतात, मग थुंका. काळे डाग पडलेलं, सुरकुतून चिवट झालेलं बोंड घेऊ नका. आणि टोपलीतली आठ-दहा तरी कापून बघा: गरात पांढरट अळ्या असतील तर ती बोंडमाशीची पिल्लं. एक-दोन सापडली तर सगळीच कापून निवडावी लागतात.

झाडावरची सगळी बोंडं उतरवू नका. मी तिसरा हिस्सा तरी ठेवते, त्यातही उंचावरची. फळं संपलेल्या दिवसांत पक्ष्यांना तीच मिळतात.

आता तुमच्या घशाकडे. बोंड उभं कापा आणि भिंगातून, नाहीतर नुसतं उजेडात धरून बघा. दाण्यांच्या आजूबाजूला आणि आतल्या भिंतीला बारीक, ताठ, सोनेरी कुसळं असतात. खाजवायची पूड म्हणून व्रात्य पोरं जी वापरतात ती हीच. उकळल्यानं ती विरघळत नाहीत, साध्या गाळणीच्या जाळीतून आरामात उतरतात, आणि मग घशाला टोचत राहतात. पोटातून पुढे गेल्यावर बाहेर पडतानाही त्रास देतात. म्हणजे तुमचं फळ चांगलं होतं, गाळणी चुकली. माझ्या पहिल्या सरबताचंही हेच झालं होतं. दोन दिवस मी घशाचा संसर्ग समजून गुळण्या करत होते. तिसऱ्या दिवशी उरलेलं सरबत काचेच्या पेल्यात उन्हासमोर धरलं तेव्हा त्यात तरंगणाऱ्या सोनेरी सुया दिसल्या.

उपाय: गाळायचं दोनदा, आणि दोन्ही वेळा कापडातून. घट्ट विणीची मलमल घ्या, उकळत्या पाण्यातून काढून पिळा, चाळणीवर दुहेरी पसरा आणि रस ओता. आपोआप ठिबकू द्या. चोथा दाबायचा, पिळायचा मोह आवरा, कारण पिळताना कुसळं विणीतून रेटली जातात. मग कापड दुसरं घ्या (पहिल्याला कुसळं चिकटलेली असतात, तेच धुऊन वापरलं तर फायदा नाही) आणि पुन्हा गाळा. दुसऱ्या गाळण्यानंतर पेला उजेडात धरा. काहीही तरंगताना दिसत नसेल तरच पुढे जा.

सरबताची कृती देते. १९३९ ते १९४५ च्या युद्धात ब्रिटनमध्ये संत्री-लिंबांची आयात तुटली, तेव्हा १९४१ पासून सरकारनंच कुंपणांवरची बोंडं गोळा करायची मोहीम काढली. शाळकरी मुलं, स्वयंसेवक सगळे त्यात होते, आणि त्या बोंडांचं सरबत लहान मुलांना दिलं जाई. तिथल्या अन्न खात्यानं १९४३ मध्ये घरी करायची कृती छापली, तिचा क्रम इतका विचारपूर्वक आहे की मी तोच पाळते, प्रमाण फक्त मेट्रिकमध्ये गोल केलंय.

अर्धा किलो बोंडं धुवा, देठं आणि वाळके मुकुट काढा. ९०० मिलिलिटर पाणी आधी खळखळ उकळायला ठेवा. पाणी उकळल्यावरच बोंडं मिक्सरमध्ये भरड फिरवा आणि लगेच, त्या क्षणी, उकळत्या पाण्यात लोटा. घाईचं कारण सांगते. बोंड चिरडलं की त्यातलं एक एन्झाइम हवेच्या साहाय्यानं क जीवनसत्त्व मोडायला लागतं. उकळतं पाणी त्या एन्झाइमला तिथल्या तिथे निकामी करतं. भरड करून अर्धा तास तशीच ठेवलीत तर सरबत गोड होईल, पण ज्यासाठी केलं ते उरणार नाही. उकळी परत आली की आच बंद, झाकण, पंधरा मिनिटं थांबा. कापडातून ठिबकू द्या. चोथा परत पातेल्यात, त्यावर ४५० मिलिलिटर पाणी, पुन्हा एक उकळी, दहा मिनिटं मुरवण, पुन्हा गाळा. दोन्ही रस एकत्र करून नव्या कापडातून गाळा. मग मंद आचेवर साधारण ४५० मिलिलिटर उरेपर्यंत आटवा, ३०० ग्रॅम साखर घाला, पाच मिनिटं उकळा. गरम असतानाच उकळून घेतलेल्या छोट्या बाटल्यांत गच्च भरा. छोट्या अशासाठी, की एकदा उघडलेली बाटली आठवड्या-दीड आठवड्यात संपली पाहिजे. या प्रमाणात साखर कमी आहे, त्यामुळे न उघडलेल्या बाटल्याही फ्रीजमध्येच ठेवा, आणि उजेड लागणार नाही अशा.

भांडं स्टीलचं किंवा एनॅमलचं. तांबं आणि लोखंड क जीवनसत्त्वाचा नाश वेगानं करतात. पातेलंच नव्हे, ढवळायचा चमचाही बघा. रानबोंडांत १०० ग्रॅमला ४०० मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व सापडतं, तर संत्र्यात साधारण ५०. जातीप्रमाणे आणि पक्वतेप्रमाणे हा आकडा खूप खालीवर होतो, आणि शिजवताना, साठवताना घटतोच. तरीही चांगल्या सरबताचा एक चमचा पुरेसा असतो. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी किंवा रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी रोज प्यायच्या आधी डॉक्टरांना विचारावं. हे अन्न आहे, औषधाच्या जागी धरू नका.

वाळवायची असतील तर मोठी बोंडं अर्धी कापून छोट्या चमच्यानं दाणे आणि कुसळं खरवडून काढा, चाळणीत वाहत्या पाण्याखाली धुवा आणि ४० ते ४५ अंशांवर, किंवा हवेशीर सावलीत, मोडली तर कटकन तुटतील इतकी वाळवा. हातमोजे घाला आणि डोळ्यांना हात लावू नका. बोटांना कुसळं रुतलीच तर चिकटपट्टी लावून ओढा, चोळू नका. बारीक बोंडं अशी साफ करणं जिवावर येतं. ती अख्खीच वाळवा. कडक झाली की मिक्सरमध्ये दोन-तीनदा नुसतं गर्र करा, पीठ होऊ देऊ नका. मग तोंडाला फडकं बांधून, घराबाहेर, वारा पाठीवर घेऊन बारीक जाळीच्या चाळणीत हलवा. पहिल्या झटक्याला खाली सोनेरी भुकटी पडते, ती कुसळं. पडायची थांबेपर्यंत चाळा. उरलेल्या लाल भरडीचा एक चमचा पेलाभर उकळत्या पाण्यात झाकून दहा-पंधरा मिनिटं ठेवला की छान आंबूस चहा होतो. तोही कापडातून गाळूनच प्या. वाळताना वजन निम्म्याहून कमी होतं, आणि वाळक्यातही दाण्यांचा वाटा मोठा, तेव्हा पहिल्या वर्षी बरणी भरली नाही म्हणून नाराज होऊ नका.

जॅमचं विचाराल तर पहिल्या खेपेला करू नका, असंच सांगेन. जॅमला गर लागतो, आणि ज्या जाळीतून गर उतरतो तिच्यातून कुसळंही उतरतात. रुगोसाची मोठी बोंडं असतील आणि एकेक खरवडायची तयारी असेल तरच त्याच्या वाटेला जा.

पाकळ्यांकडे येऊ. काढून आणल्या की आधी पांढऱ्या कापडावर सावलीत पसरा आणि वीस मिनिटं बाजूला व्हा. आत दडलेले बारीक किडे उजेडात चालू लागतात आणि कापडावर दिसतात. धूळ असेल तर थंड पाण्यातून एकदाच बुचकळून काढा आणि टिपा. पाण्यात भिजत ठेवलेल्या पाकळ्यांचा वास पाण्याबरोबर जातो. मग पाच-सात पाकळ्या रंगीत कडा एका बाजूला येतील अशा जुळवून चिमटीत धरा आणि खालचं पांढरट टोक कात्रीनं एका घावात उडवा. ते टोक कडवट असतं. काही जातींत इतकं नाही, म्हणून एक चावून बघा आणि ठरवा.

पाकळ्यांच्या सरबताला १०० ग्रॅम पाकळ्या लागतात, आणि १०० ग्रॅम म्हणजे मोठी परडीभर, तेव्हा दोन-तीन दिवसांच्या साठवून करा. हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये तेवढ्या टिकतात. अर्धा लिटर पाणी उकळून आच बंद करा, दोन मिनिटं थांबा, मग पाकळ्या घाला आणि लगेच झाकण लावा. वाफ सुटली की वासही सुटला. रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी झाकण काढाल तेव्हा मन खट्टू होईल: पाकळ्या फिक्या, मरगळलेल्या, आणि पाणी मातकट जांभळं. हे बिघडलेलं नाही. गाळा, पिळा (इथे कुसळं नाहीत, खुशाल पिळा) आणि काचेच्या भांड्यात त्यावर लिंबाचा रस थेंब थेंब सोडा. जिथे थेंब पडतो तिथून मातकटपणा फाटत जातो आणि खाली स्वच्छ गुलाबी रंग उमटतो, तीन-चार चमच्यांत सगळं भांडं उजळतं. पाकळ्यांचा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा असतो. आंबटात तो लाल होतो, क्षारात निळसर-करडा. तुमच्या नळाचं पाणी जड असेल तर रंग जास्तच काळवंडेल, घाबरू नका, लिंबू थोडं वाढवा. मग रसाच्या वजनाइतकी साखर, विरघळेपर्यंतच गरम करा, उकळी येऊ देऊ नका. फ्रीजमध्ये महिनाभर चांगलं राहतं.

गुलकंदाला आच लागत नाही. कोरड्या पाकळ्या, तेवढ्याच वजनाची किंवा दीडपट साखर, आणि हात. परातीत दोन्ही एकत्र चुरगळा, पाकळ्यांना पाणी सुटून साखर ओली होईपर्यंत. काचेची बरणी पाऊण भरा, झाकण लावा, दोन-तीन आठवडे दिवसा उन्हात ठेवा आणि रोज कोरड्या चमच्यानं वरखाली करा. इथे पाणी हाच शत्रू. साखर पाकळ्यांतलं पाणी ओढून घेते म्हणून त्यात काही वाढू शकत नाही. पाकळ्या ओल्या राहिल्या किंवा चमचा ओला गेला तर तो तोल जातो. फेस दिसला, आंबूस वास आला तर ती बरणी वापरू नका. बुरशी दिसली तर वरचा थर काढून खालचं खायचा विचार करू नका, सगळं टाका.

पाकळ्या नुसत्या वाळवायच्या तर सावलीतच, एकेरी थरात. उन्हात रंग उडतो. हातात चुरताना कागदासारखा आवाज आला की झालं. वजन पाचव्या हिश्शावर येतं.

गुलाबपाणी सगळे विचारतात म्हणून थोडक्यात. उंच पातेल्याच्या तळाशी वाटी पालथी, तिच्यावर रिकामा वाडगा उताणा, भोवती पाकळ्या आणि त्या बुडतील इतकं पाणी, वर झाकण उलटं ठेवून त्यावर बर्फ. मंद आचेवर वाफ झाकणाला लागून वाडग्यात ठिबकते. अर्धा तास पुरे; जास्त वेळ चालवलंत तर शेवटचं पाणी शिजलेल्या भाजीसारखं लागतं. फ्रीजमध्ये ठेवा, दोन-तीन आठवड्यांत संपवा. डोळ्यांत मात्र घालू नका. घरचं गुलाबपाणी निर्जंतुक नसतं, आणि डोळ्याचा संसर्ग फार महागात पडतो.

आता तुमची ती बाटली. उघडून वास घ्या. आंबला असेल, फेस किंवा बुडबुडे दिसत असतील तर ओतून द्या. तसं काही नसेल तर सरबतात निम्मं गरम पाणी घालून पातळ करा, कारण घट्ट पाक मलमलीतून उतरत नाही. दुहेरी मलमलीतून दोनदा गाळा, दुसऱ्या वेळी कापड नवं. पाच मिनिटं उकळा, उजेडात पेला धरून बघा आणि आठवड्याभरात पिऊन टाका. त्यातलं क जीवनसत्त्व एव्हाना बरंच कमी झालेलं असेल, पण चव आणि रंग कुठे जात नाही. आणि झाडावर अजून बोंडं असतील तर याच आठवड्यात सरबताचा नवा घाणा काढा. या वेळी पाणी आधी उकळायला ठेवा, मिक्सर नंतर लावा.